टिक-टिक : पत्र्याचा बेडूक, नंदीबैल आणि केमचा कुंक्या

आजच्या धाग्याचा नायक जेमतेम बोटाएवढा आहे. ५ आणि ६ जून १९४४ च्या दरम्यानच्या रात्री अमेरिकेच्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक नॉर्मंडीच्या अंधारात हवाई छत्र्यांनी उतरले, तेव्हा त्यांच्याजवळ बंदुकीबरोबर एक पितळी खेळणे होते. बर्मिंगहॅमच्या शिट्ट्या बनवणाऱ्या ॲक्मे कारखान्यात ते तयार झाले होते. त्याला ते ‘क्रिकेट’ म्हणजे रातकिडा म्हणत. अंधारात झुडुपाआड कोणी हलले की एकदा दाबायचे. समोरून दोनदा आवाज आला तर माणूस आपला. एवढीच त्याची भाषा.

आमच्या पिढीला ही वस्तू वेगळ्या रूपात ठाऊक आहे. उत्तरेश्वराच्या यात्रेत पत्र्याचा हिरवा बेडूक मिळे. पोटाखालची पोलादी पट्टी दाबली की टिक, सोडली की टक. घरातल्या मोठ्यांचे डोके उठेपर्यंत तो वाजवायचा आणि मग तो कुठेतरी अदृश्य व्हायचा. हेच खेळणे आज जगभर कुत्र्यांच्या शिक्षणाचे साधन झाले आहे. ते कसे झाले, आणि आमच्या केमच्या माळावर त्याची गरज का पडली, हे दोन्ही सांगतो. दुसऱ्या गोष्टीवाचून पहिलीकडे मी कधी वळलोही नसतो.

केम हे करमाळा तालुक्यातले गाव. मुंबई-सोलापूर लोहमार्गावर जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यानचे स्थानक. १८५९-६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने हा टप्पा बांधला, तेव्हापासून रूळ गावाच्या सोबतीला आहेत. दुसरी ओळख कुंकवाची. इथले कुंकू दूरदूरच्या बाजारांत जाते. आमच्याकडे आलेले पिल्लू अशाच एका कुंकवाच्या कारखान्याच्या आवारात वाढले होते. आले तेव्हा त्याचे चारही पाय गुडघ्यापर्यंत लालभडक होते. रंग पंधरवड्यात गेला, ‘कुंक्या’ हे नाव राहिले.

कुंक्या अर्धा कारवानी आहे. लांब पाय, खोल छाती, पोट पाठीला लागलेले. कारवानी जातीचा इतिहास मुधोळच्या घोरपडे संस्थानाशी जोडलेला आहे. राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोडी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना भेट दिली, आणि इंग्रजी जगात ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. २०१६ मध्ये काही पिल्ले मेरठच्या लष्करी श्वान केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. ही सारी कौतुके खरी. पण हा कुत्रा नाकाने नव्हे, डोळ्यांनी शिकार करणारा आहे. दूरवर काही पळताना दिसले की त्याचे कान बंद होतात. ससा असो, चिंकारा असो, की मेंढी.

प्रश्न मेंढीपाशी आला. सुगी आटोपली की आमच्या शिवारात धनगरांचे वाडे येतात. रात्री रानात मेंढ्या बसवायच्या, खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसा घ्यायचा, हा जुना व्यवहार. त्या वर्षी कुंक्या सुटून कळपात शिरला. त्याने चावा घेतला नाही, नुसता पाठलाग केला. पण एक गाभण मेंढी पळून पळून खाली बसली आणि रात्री तिने मेलेले कोकरू टाकले. वाड्याचे वयस्क प्रमुख दुसऱ्या दिवशी घरी आले. नुकसानीची रक्कम ठरली, चहा झाला. उठताना ते म्हणाले, “मास्तर, ह्या डावाला सोडलं. पुढल्या डावाला कुत्रं आमचं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. मेंढ्यांची चटक लागलेला कुत्रा जगू द्यायचा नाही, हा मेंढपाळांचा जगभरचा नियम आहे, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तोच पाळला असता. वाडा पुढच्या सुगीला परत येणार होता.

कुंक्याला साखळीने बांधून ठेवणे हा एक उपाय होता. ज्यांनी कारवानी कुत्रा पाहिला आहे, त्यांना तो उपाय का नाही हे सांगावे लागणार नाही. दुसरा उपाय आमचे आबा, म्हणजे थोरले चुलते, रोज सुचवत होते : काठी. मात्र कुंक्याला काठीची शिकवणी आमच्याकडे येण्याआधीच कोणीतरी दिलेली होती. हात वर उचलला, आवाज चढला, की तो जवळ येण्याऐवजी सुसाट सुटे, आणि आमच्या वस्तीवरून सुसाट सुटण्याची वाट रुळांकडे जाते.

काठीच्या शिक्षणाला स्वतःची परंपरा आहे, आणि ती अडाण्यांची नाही. कोनराड मोस्ट या जर्मन पोलीस अधिकाऱ्याने १९१० मध्ये कुत्र्यांच्या प्रशिक्षणावर पुस्तक लिहिले. पट्ट्याचा हिसका, सक्ती आणि नंतर शाबासकी ही त्याची पद्धत पुढे दोन्ही महायुद्धांतील लष्करी कुत्र्यांपर्यंत पोचली. तिने काम होत असे, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की, ती कुत्र्याला काय करू नये हे सांगते. काय करावे हे त्याने स्वतःच हुडकायचे.

उलट दिशेचा शोध मांजरांपासून सुरू झाला. १८९८ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइकने मांजरांना खिटीच्या पेट्यांत कोंडले. धडपडीत कधीतरी खिटी निघे, बाहेर खाद्य मिळे, आणि पुढच्या खेपेला वेळ कमी लागे. ज्या कृतीचे फळ गोड, ती कृती पुन्हा होते, हा त्याचा निष्कर्ष. त्याच सुमारास रशियात इव्हान पावलॉव्ह कुत्र्यांची लाळ मोजत होते. त्यांना १९०४ मध्ये मिळालेले नोबेल मात्र पचनक्रियेवरील कामासाठी होते. शाळेत आपण पावलॉव्हची घंटा शिकतो, पण त्यांच्या प्रयोगशाळेत लयमापकाची टिकटिकही वापरली जात होती. आवाजाला स्वतःचे मोल नसते, तो ज्याची वर्दी देतो त्याचे मोल त्याला चिकटते, हे त्यातून दिसले. आपल्या पाठ्यपुस्तकांत याला अभिजात अभिसंधान म्हणतात, आणि थॉर्नडाइकच्या वाटेने पुढे गेलेल्या बी. एफ. स्किनर यांच्या पद्धतीला साधक अभिसंधान. शब्द जड आहेत, गोष्ट नाही.

स्किनर यांचा मोठा क्षण पिठाच्या गिरणीत आला. दुसऱ्या महायुद्धात कबुतरांकडून बॉम्बची दिशा साधावी, अशी एक विलक्षण योजना ते मिनिआपोलिस येथे एका गिरणीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राबवीत होते. सरकार निर्णय देईना, हाती वेळ उरला. एके दिवशी कबुतराला लाकडी चेंडू ढकलायला शिकवावे असे ठरले. चोच मारील तेव्हा दाणा द्यायचा म्हणून सगळे बसले; कबुतर काही चोच मारीना. मग त्यांनी चेंडूकडे नुसते पाहिले तरी दाणा दिला. मग मान वळवली की. मग जवळ गेले की. काही मिनिटांत कबुतर चेंडू भिंतींवर आपटू लागले. पूर्ण कृतीची वाट पाहायची नाही, तिची सावली दिसली तरी तिला दाद द्यायची, हे तंत्र तिथे हाताने प्रथम साधले.

त्या गिरणीत स्किनर यांचे विद्यार्थी केलर ब्रेलंड होते. त्यांनी आणि त्यांची पत्नी मरियन यांनी विद्यापीठ सोडून प्राणी शिकवण्याचा व्यवसायच थाटला. कुत्रा दूर असताना दाणा वेळेवर पोचत नाही, ही अडचण त्यांना रोज येई. कुत्रा बसला, आपण खिशात हात घालेपर्यंत तो उठला, खाऊ मिळाला तो उठण्याबद्दल. म्हणून कृती आणि खाऊ यांच्यामध्ये त्यांनी आवाजाचा पूल टाकला, शिट्टीचा किंवा त्या रातकिड्याचा. त्या काळच्या कुत्रेशिक्षकांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, तेव्हा ते कोंबड्या आणि डुकरांच्या जाहिरात-खेळांकडे वळले. १९५१ मध्ये स्किनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात घरच्या घरी प्राणी शिकवण्याची रीत लिहिली आणि त्यात हेच खेळणे सुचवले. तरीही चाळीस वर्षे ते मागेच राहिले. हवाईच्या मत्स्यालयात डॉल्फिनना शिट्टीने शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांचे पुस्तक १९८४ मध्ये आले, १९९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी व सहकाऱ्यांनी जाहीर प्रात्यक्षिके दिली, आणि त्यानंतर ‘क्लिकर’ घरोघर गेला. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालता येत नाही, रागावलात तर तो पोहून निघून जातो. जिथे सक्ती अशक्य होती तिथूनच ही पद्धत परतून आली, हे मला या इतिहासातले सर्वांत बोलके वळण वाटते.

आता एक गैरसमज. क्लिकर ही हाक नव्हे. तो वाजवून कुत्र्याला बोलवायचे नसते. तसे करणारे बरेच दिसतात. तो पावती आहे. आमच्या दूध संकलन केंद्रावर कॅनमधून नमुना काढला, फॅट लागली, की लगेच पावती हातात पडते. पैसे दहा दिवसांनी. पावतीने पोट भरत नाही, पण त्या क्षणी नेमके कोणत्या दुधाचे काय झाले हे तिच्यावर लिहिलेले असते. आणि पैसे दोन-तीन वेळा बुडाले तर त्या पावतीला कोणी विचारणार नाही. म्हणून नियम असा की, टिक वाजली की खाऊ द्यायचाच, चुकून वाजली तरी. व्होल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूवर केलेल्या प्रयोगांत दिसले की, सराव झाल्यावर मेंदूतील डोपामिनचा उसळा खाद्याच्या क्षणाकडून त्याची वर्दी देणाऱ्या खुणेकडे सरकतो. पावती पैशाच्या आधी सुखावते, ती अशी.

तोंडाने ‘शाबास’ म्हटले तर चालत नाही का? चालते. इटलीत ५१ कुत्र्यांवर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्लिकर, तोंडी शब्द आणि नुसता खाऊ यांत फरक आढळला नाही. त्या पत्र्यात जादू आहे असे मी म्हणत नाही. पण कुंक्याच्या बाबतीत माझा कयास असा की, माणसाच्या आवाजात माणूस असतो. माझा ‘शाबास’ दिवसभराच्या थकव्याने बदलत होता, आणि कुंक्या ते बदल वाचत होता. टिक कधी रागावत नाही.

इथे धाग्याच्या नेहमीच्या वाचकांकडून येणारा प्रश्न आधीच घेतो : हे आपल्याकडे नव्हते का? उत्तर सरळ नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ मराठी वाचकांना जुन्या मराठी ओळींमुळे माहीत असतो. त्यात कुत्र्यांच्या शिकारी खेळावरही ‘सारमेयविनोद’ हे प्रकरण आहे. सातारच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला आहे. वाघाची चाहूल लागताच भुंकून त्याने धन्याला वाचवले, अशी कथा. पण आपण स्मारके बांधली ती इमानाची. त्या कुत्र्याला कोणी, कसे शिकवले, हे लिहून ठेवण्याजोगे कोणाला वाटले नाही. शिकवणारे हात बहुधा लिहिणाऱ्यांच्या जातीचे नव्हते.

सर्वांत जवळचे उदाहरण कुत्र्याचे नाहीच. कोल्हापूर संस्थानात चित्ते शिकारीसाठी बाळगत, आणि ते सांभाळणारे चित्तेवान पिढीजात होते. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीवरून माळावर न्यायचा, काळवीट दिसले की टोपी काढायची. खरी कसोटी नंतर होती. काळविटाच्या गळ्याला दात रोवून बसलेल्या चित्त्याला सोडवायचे कसे? चित्तेवान त्याला मारत नसे. तो सावजाचे ताजे रक्त लाकडी पळीत धरून त्याच्या तोंडाशी नेई. चित्ता चाटू लागला की पकड सुटे, आणि टोपी पुन्हा चढे. हा शुद्ध व्यवहार आहे : तू सोड, मी देतो. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. ती विद्याही त्याच्याबरोबर गेली.

नंदीबैलाचे उदाहरण लोक हमखास देतात. ढोलाची गुबुगुबु, ‘पाऊस पडंल का?’ आणि होकारार्थी मान. नंदीवाल्याची सूक्ष्म खूण बैल ओळखतो, यात शंका नाही. बर्लिनचा हान्स नावाचा घोडा गणिते सोडवतो म्हणून गाजला होता. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवले की, तो विचारणाऱ्याच्या नकळत होणारी मानेची हालचाल वाचतो. नंदीवाले हे जाणूनबुजून करत, म्हणजे बर्लिनच्या पंडितांपेक्षा चार पावले पुढे. पण त्या बैलाच्या नाकात वेसण असते, आणि वेसणीचा दोर कोणाच्या हातात असतो हे विसरून ‘आमच्याकडे सगळे होतेच’ असे म्हणणे मला मान्य नाही.

आणि आजचे महाराष्ट्रातले उदाहरण म्हणजे पोलिसांचे श्वान. १९९३ च्या मुंबई स्फोटांनंतर झंजीर या लॅब्रॅडॉरने ३३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब हुडकल्याची नोंद आहे. २००० साली तो कर्करोगाने गेला. स्फोटके शोधणाऱ्या श्वानाला वास लागला की भुंकायचे किंवा खाजवायचे नसते, गप्प बसायचे असते. त्या बसण्याचे मोल म्हणून सामान्यतः त्याला आवडता चेंडू किंवा खाऊ मिळतो. आपले शहर ज्याच्या नाकावर विसंबते, तो चेंडू शोधत असतो.

तर कुंक्या. पहिले चार दिवस मी त्याला काहीच शिकवले नाही. टिक, आणि उकडलेल्या कलेजीचा हरभऱ्याएवढा तुकडा. टिक, तुकडा. भाकरीवर तो भुलत नव्हता. भाकरी त्याला तशीही मिळत होती. पाचव्या दिवशी टिक ऐकताच त्याची मान वळू लागली. मग अंगणात माझ्याकडे पाहिले की टिक. नाव घेतल्यावर वळला की टिक. पाच पावले आला की टिक. आबा ओट्यावरून पाहत होते. “एका हातात खाऊ, एका हातात खुळखुळा. कुत्रं शिकिवतो का पोर संभाळतो?” महिन्याभरात तो अंगणातून बोलावल्यावर दर वेळी येऊ लागला. अंगणात ससे नसतात, हे आबांनी लक्षात आणून दिले.

त्यांचे म्हणणे ब्रेलंड दांपत्यानेही लिहून ठेवले आहे. १९६१ च्या त्यांच्या निबंधात एक रॅकून आहे. नाणी डब्यात टाकायला शिकवलेला तो प्राणी पुढे पुढे दोन नाणी एकमेकांवर चोळत बसू लागला, जसे अन्न धुताना चोळावे तसे. लाकडी नाणी वाहून नेणारी डुकरे वाटेत ती नाकाने उकरू लागली. खाऊ लांबत होता, तरीही. जातिवंत सवय शिकवलेल्या सवयीला हळूहळू गिळते, असा त्यांचा अनुभव. आपल्या गुरूच्या सिद्धान्ताला त्यांनी हा धक्का दिला, आणि मला त्या निबंधाने अधिक धीर दिला, कारण दोष कोणाच्या हट्टात शोधू नये हे कळले. कलेजीचा तुकडा पळत्या मेंढीशी कधीच बरोबरी करणार नव्हता.

वाट दाखवली डेव्हिड प्रीमॅक यांच्या १९५९ च्या विचाराने : प्राण्याला जे करायची ओढ सर्वाधिक, तेच कमी ओढीच्या कामाचे बक्षीस होऊ शकते. आपल्या आया ‘आधी जेव, मग खेळायला जा’ म्हणतात ते हेच. कुंक्याची ओढ पाठलागाची. मग पाठलागच बक्षीस द्यावा. वेळूच्या काठीला दोरी आणि दोरीला चिंधी बांधली. माझ्याकडे वळला की टिक, आणि चिंधी माळावर भिरभिरू लागे. काठी शेवटी घरात आलीच, असे आबा म्हणाले.

त्यानंतर खरे काम. एका शेजाऱ्याच्या शेळ्या होत्या. कुंक्याला लांब कासरा लावून मी दोनशे पावलांवर उभा राहिलो, जिथे त्याचे कान उभे राहत पण बंद होत नसत. शेळ्यांकडे पाहिले, आणि आपण होऊन माझ्याकडे वळला : टिक, चिंधी. आठवड्याला दहा-वीस पावले पुढे. कधी एका आठवड्यात काहीच नाही, कधी चार पावले मागे. पावसाळाभर हे चालले. आषाढात एकदा शेळी उधळली तेव्हा कासऱ्याने माझ्या तळहाताचे साल काढले. कुंक्या कासऱ्याच्या टोकाला पोचला, थांबला, आणि थरथरत मागे पाहू लागला. मी रक्ताळल्या हाताने टिक वाजवली.

सुगीनंतर वाडा आला. मी स्वतः जाऊन प्रमुखांना सांगितले की, कुत्र्याला घेऊन बांधावर उभा राहणार आहे, दोर हातात असेल. त्यांनी कुऱ्हाड खांद्यावरून काढली नाही. मेंढ्या साठ-सत्तर पावलांवरून गेल्या. कुंक्या उभा राहिला, शेपटी ताठ, अंगातून कंप जाताना कासऱ्यात जाणवत होता. मग त्याने मान वळवली. टिक. प्रमुख बराच वेळ पाहत होते. म्हणाले, “ह्ये काय वाजिवता?” मी खेळणे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी दोनदा दाबले आणि त्यांची स्वतःची दोन कुत्री, जी कोकरांबरोबर दुधावर वाढलेली असतात आणि ज्यांना मेंढी म्हणजे घर, जागची हललीही नाहीत. कुंक्या मात्र लगेच त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. “आता ह्याला द्यावं लागतंय का काय?” मी हो म्हणालो. त्यांनी कमरेच्या फडक्यातून भाकरीचा तुकडा काढून दिला. जी भाकरी तो घरी हुंगत नाही, ती त्याने खाल्ली.

आता त्याला तिसरे वर्ष चालू आहे. वाड्याजवळून तो कासऱ्याशिवाय जातो, मी बरोबर असलो तर. ससा दिसला तर तीनातून एकदा मी हरतो. रुळांच्या बाजूला मात्र कासरा आजही सोडत नाही. दुहेरी मार्ग आहे, आणि गाड्या पूर्वीपेक्षा फार वेगाने जातात.